पंचेचाळीस दिवसांचं रडगाणं

शनिवारी सकाळी इथे जर्मनीत एस-बानच्या, म्हणजे लोकलच्या, फलाटावर उभा होतो तेव्हा कॉलेजच्या ग्रुपवर एका मित्राची पीपीटी येऊन पडली. मित्र चाकणला एका मोठ्या कंपनीत परचेस हेड आहे, हॉस्टेलला शेजारच्या खोलीत होता, त्यामुळे त्याला मी काहीही बोलू शकतो. पीपीटीचं नाव 'पुढच्या तीन वर्षांत पैसा कुठे लावायचा'. एआय आहे, कंट्रोल टॉवर (सगळी सप्लाय चेन एका स्क्रीनवर) आहे, व्हेंडर निम्म्यावर आणायचेत. आणि खाली साहेबांचा मेसेज, की त्या 43बी (एच) ने (छोट्या व्हेंडरचं बिल मुदतीत द्यायला लावणारं आयकराचं कलम) डोकं उठवलंय, आमचे पैसे आम्ही कधी द्यायचे ते आता सरकार सांगणार का, आम्ही तर छोट्या व्हेंडरकडून घेणंच कमी करतोय. त्यावर अकरा अंगठे.

माझी गाडी तिथेच सुटली, दोन्ही अर्थांनी.

अरे, पैसे 'आमचे' कसे? माल घेतलास, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) केलास, पार्ट गाडीला लागून गाडी शोरूमला गेली, तरी पैसे तुझेच? आणि हा नियम काही काल आलेला नाही. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यातच लिहिलंय की लेखी ठरलं असलं तरी जास्तीत जास्त 45 दिवस, ठरलं नसेल तर 15, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, तेही दर महिन्याच्या हिशोबाने. इतकी वर्षं कुणाला घाम फुटला नाही कारण ते व्याज मागणार कोण? मागितलं की पुढची पीओ, म्हणजे ऑर्डर, येत नाही. मग 2023 च्या फायनान्स अ‍ॅक्टने एवढंच केलं की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळणार नाही, ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी मिळेल. दंडसुद्धा नाही बिचाऱ्यांना. फक्त टॅक्सच्या वहीत बोट घातलं आणि सतरा वर्षं न दिसलेला कायदा एका मार्चमध्ये सगळ्यांना दिसला.

मी अकरा वर्षं इथे आइनकाउफमध्ये, म्हणजे परचेसमध्येच, आहे. बिल आलं की 30 दिवस, त्याहून जास्त हवं तर आधी ठरवून घ्यायचं, 60 च्या वर जायचं तर स्पष्ट लिहून घ्यायचं आणि ते कोर्टात अन्यायाचं ठरू नये एवढं बघायचं. चुकलात तर बेसिस रेटच्या (इथल्या मध्यवर्ती बँकेच्या मूळ दराच्या) वर 9 टक्के व्याज आणि शिवाय 40 युरो. यावर कुणी ग्रुपवर अंगठे देत बसत नाही. उलट 14 दिवसांत दिलं तर 2 टक्के स्कोंटो, म्हणजे लवकर पैसे दिल्याची सूट, मिळतो, आणि तो सुटला तर आमच्या अकाउंट्सच्या बाई मला लिफ्टमध्ये गाठतात. सोळा दिवस आधी पैसे देऊन 2 टक्के म्हणजे वर्षाच्या हिशोबाने 45 टक्क्यांच्या वर जातं. तुझ्या पीपीटीतलं कुठलं एआय एवढं देतं ते सांग, मी पण घेतो. हे मी ग्रुपवर असंच्या असं लिहिलं, आणि लिहिताना मजा आली हे कबूल करतो.

तो म्हणाला, तुमच्या जर्मनीत सगळे संतच दिसतात.

संत कसले. लोपेझ नावाचा परचेसवाला 1993 मध्ये जनरल मोटर्समधून फोक्सवागनला आला, सप्लायरला पिळण्यासाठी प्रसिद्ध, त्याच्यावरून दोन कंपन्यांत कागद चोरल्याचं मोठं प्रकरण झालं ते वेगळंच. पण इथले जुने लोक अजून 'लोपेझ-इफेक्ट' म्हणतात, म्हणजे भाव इतका पाडायचा की शेवटी पार्टच खराब येतो. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. सोयीचं नव्हतं.

मला राग येण्याचं खरं कारण भोसरीत आहे. बाबांच्या तीन लेथ होत्या, तीन कामगार. पार्टीकडं जायचा एक पांढरा शर्ट शॉपमध्ये खिळ्याला टांगलेला असायचा, दर गुरुवारी तेलाचे हात रॉकेलने धुऊन तो घालायचे, बिलांची प्लास्टिकची पिशवी घ्यायची आणि एका मोठ्या कंपनीच्या अकाउंट्सबाहेरच्या बाकावर जाऊन बसायचं. उत्तर ठरलेलं, चेक तयार आहे, सही राहिलीय. सुट्टीत मी बरोबर जायचो. स्टीलवाला रोख घेतल्याशिवाय बार सोडत नाही आणि गिऱ्हाईक नव्वद दिवसांनी देतो, म्हणजे मधला तीन लेथवाला हा दोन्हीकडच्या बड्यांची बँक, तीही बिनव्याजी. बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट) लिमिटचं व्याज मात्र त्यानेच भरायचं. हे मित्राला शिकवायची गरज नाही, त्याचे वडील बँकेत होते, त्यांना दुसऱ्या बाजूने माहीत असणार.

आता जे लिहायचं टाळत होतो ते. माझ्याकडे कोल्हापूरची एक फाउंड्री आहे, कास्टिंग घेतो आम्ही त्यांचं. स्कोंटो वगैरे लाड इथल्या तासाभरावरच्या सप्लायरचे. कोल्हापूरला 90 दिवस, आणि ते आमच्या वेअरहाउसला कंटेनर उतरल्यापासून. लाल समुद्रातल्या हल्ल्यांच्या भानगडीने जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली तेव्हा तेवढे दिवसही त्यांच्याच अंगावर गेले. 43बी (एच) माझ्यापर्यंत पोचत नाही. 90 वर त्यांची स्पष्ट सही आहे, त्यामुळे इथल्या लीगलनेही मान हलवली. ती सही मी घेतली, मराठीत बोलून. मालक वयाने बाबांएवढे, मला साहेब म्हणतात, मी त्यांना काका म्हणतो, आणि ते म्हणाले, तुम्ही आपले म्हणून हो म्हणतो. या पोस्टवर मला घेतलं ते यासाठीच. इथे मी 'इंडियावाला' आणि तिकडे 'जर्मनीवाला', आणि दोन्हीकडे माझा उपयोग एकच.

इथल्या सप्लाय चेन कायद्यामुळे (सप्लायरकडे कामगारांना नीट वागवतात का ते मोठ्या कंपन्यांनी बघायचं) आमची मोठी गिऱ्हाइकं प्रश्नावली पाठवतात, ती आम्ही खाली ढकलतो. काकांनी भरून स्कॅन करून पाठवली. एक प्रश्न होता, कामगारांना पगार वेळेवर देता का. 'होय'वर खूण होती आणि शेजारी पेनाने लिहिलं होतं, ओव्हरड्राफ्ट काढून.

मी त्यांना फोन करून ते पान परत भरून मागितलं. स्वच्छ.

ग्रुपवर मित्राने काल विचारलं, तू तुझ्या इंडियन व्हेंडरला किती दिवसांत देतोस रे? निळ्या टिका गेल्यात, उत्तर दिलेलं नाही. येत्या आठवड्यात कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय, ड्राफ्ट माझ्याच लॅपटॉपवर आहे, त्यात अजून 90 च आहे.