कोपरापर्यंत ओघळलेले वरण

भाचा प्रेमात पडल्याची बातमी आम्हाला त्याने नव्हे, वरणाने सांगितली. पोळीचा घास त्याने वाटीत बुडवला, तेवढ्यात ताटाशेजारचा फोन उजळला आणि घास हवेतच राहिला. वरण बोटांवरून मनगटावर आणि तिथून कोपरापर्यंत ओघळले, तरी स्वारीला पत्ता नाही. त्याच्या आजीने तिन्हीसांजेला मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.

आम्ही पोट धरून हसलो, आणि हसावे असेच ते दृश्य होते. मात्र हसण्यात हळूहळू ‘थेरं’, ‘चाळे’ असे शब्द मिसळू लागले, तेव्हा मला राहवले नाही. प्रेमिकाला हसावे, पण हिणवू नये, असे मला मनापासून वाटते, कारण तो जे करतो ते बरेचसे त्याच्या हातात नसते.

इटलीतल्या पिसा विद्यापीठाच्या डोनाटेला माराझ्झिती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकत्याच प्रेमात पडलेल्या २० जणांचे रक्त तपासले आणि त्याची तुलना मंत्रचळाच्या, म्हणजे तोच विचार, तीच कृती पुन्हापुन्हा करायला लावणाऱ्या आजाराच्या, २० रुग्णांशी व २० निरोगी माणसांशी केली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सेरोटोनिन हे मनःस्थितीशी निगडित रसायन वाहून नेणारे प्रथिन प्रेमिकांत आणि रुग्णांत सारखेच कमी भरले. दहादा कुलूप ओढून पाहणारा आणि दहादा ‘लास्ट सीन’ पाहणारा, निदान या एका कसोटीपुरते, सख्खे भाऊ ठरले! आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारे इग नोबेल या कामाला २००० साली मिळाले, ते अगदी योग्य झाले.

बारा ते अठरा महिन्यांनी त्या प्रेमिकांपैकी काहींची फेरतपासणी केली, तेव्हा त्यांचे रक्त पूर्ववत झालेले होते. ‘वर्षभरात उतरेल’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांचे एवढे खरे आहे. उतरते ती तगमग; त्याबरोबर प्रेमही उतरते, हे मात्र मला मान्य नाही. सरासरी २१ वर्षे संसार केलेल्या आणि अजूनही जोडीदारावर उत्कट प्रेम असल्याचे सांगणाऱ्या १७ जणांच्या मेंदूचे अमेरिकेत चित्रण झाले, तेव्हा जोडीदाराचा फोटो पाहताना नव्या प्रेमिकांप्रमाणेच त्यांच्याही मेंदूतली डोपामिनची, म्हणजे ओढ लावणाऱ्या रसायनाची, केंद्रे जागी झालेली दिसली.

माझे भावजी दूध तापवलेल्या पातेल्याची खरवड काढून रोज ताईसाठी वाटीत ठेवतात, तिने कधी मागितलेली नसतानाही. त्या दिवशी लेकाच्या हातावरचे वरण पुसायला फडके त्यांनीच पुढे केले, आणि आम्हा सगळ्यांत तेच एकटे हसत नव्हते.