दरवाढीच्या हिशेबात पाणी नेमकं कुठे मुरतं?

वीज, गॅस किंवा पाणी पुरवणाऱ्या कंपन्यांचे दर ठरताना नियामक आयोगापुढे अर्थतज्ज्ञ बोलतात. त्यांच्याविषयी एक मजकूर वरचेवर पुढे पाठवला जातो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दर म्हणजे खर्च अधिक नफा, त्याला साधा हिशेबनीस पुरे. कंपनीला नफ्याची हमीच असते. खर्च फुगवला की नफा फुगतो आणि तज्ज्ञ माना डोलावतात. स्थिर आकार म्हणजे न वापरलेल्या विजेचे पैसे. बाजारात सगळ्यात महाग केंद्राचा दर सगळ्यांना देणं ही उघड लूट. आणि शेवटी, हे तज्ज्ञ भाडोत्री असतात, पैसे देईल त्याला हवा तो आकडा काढून देतात.

यातलं काही खरं आहे, काही अर्धवट. पण मजकुराचा मोठा दोष वेगळाच आहे. तो लोकांचा राग नफ्याच्या टक्क्यावर नेऊन ठेवतो, आणि मोठी रक्कम दुसऱ्याच ओळींतून निघून जाते.

"खर्च अधिक नफा, बेरीज कुणीही करेल."

बेरीज खरंच सोपी आहे. तारांचं जाळं चालवणारी एक कंपनी धरू, चलन कोणतंही. तिच्या मालमत्तेचं मंजूर मूल्य १००० कोटी. त्यातलं ६० टक्के कर्ज, व्याज ६ टक्के. ४० टक्के भागभांडवल, त्यावर मंजूर परतावा १० टक्के. म्हणजे भांडवलाचा सरासरी खर्च ७.६ टक्के, रकमेत ७६ कोटी. घसारा ५० कोटी, चालू खर्च ३०० कोटी. कर बाजूला ठेवला तर वर्षाची महसुली गरज ४२६ कोटी. वर्षाला १०० कोटी युनिट वाहून नेणार असतील, तर दर युनिटमागे ४.२६.

आता परताव्याचा दर १० वरून ११ टक्के करा. ४०० कोटी भागभांडवलावर ४ कोटी वाढले, म्हणजे युनिटमागे चार शतांश, एकूण गरजेच्या एक टक्क्याहूनही कमी. यावरून सुनावण्या तापतात. महागाईचा हिशेब मात्र कुणी विचारत नाही. काही ठिकाणी मालमत्तेचं मूल्य दरवर्षी महागाईनुसार वर चढवतात. तसं केलं, तर परतावा महागाई वगळून द्यायला हवा, कारण महागाईची भरपाई मूल्यवाढीतून आधीच होते. महागाई ५ टक्के असेल तर ७.६ चा महागाई वगळलेला दर सुमारे २.५ टक्के येतो, म्हणजे ७६ ऐवजी २५ कोटी. मूल्यही चढवलं आणि परतावाही पूर्ण ७.६ टक्क्यांनी दिला, तर पहिल्याच वर्षी ग्राहकाकडून सुमारे ५१ कोटी जास्त जातात. कागदावर दोन्ही ओळी आपापल्या जागी बरोबर दिसतात. चूक त्यांच्या एकत्र येण्यात आहे, आणि ती तपासणं हे अर्थतज्ज्ञाचं काम.

मालमत्तेचं मूल्य हाही असाच प्रश्न. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये स्मिथ विरुद्ध एम्स खटल्यात सांगितलं, की परतावा मालमत्तेच्या 'रास्त मूल्या'वर द्या. पण धंद्याचं मूल्य कमाईवर ठरतं, कमाई दरावर, आणि दर तर मूल्यावरून काढायचा! या चक्रात वकील आणि मूल्यांकनकारांची काही दशकं मजेत गेली. १९४४ च्या होप नॅचरल गॅस निकालाने पद्धतीचा आग्रह सोडला आणि अंतिम परिणाम रास्त आहे का, एवढंच पाहायचं ठरवलं.

"कंपनीला नफ्याची हमी असते."

मंजूर परतावा हा अंदाज असतो. वरच्याच उदाहरणात वसुली सगळी युनिटमागे होते आणि विक्री ५ टक्क्यांनी घटली, असं धरा. महसूल ४०४.७ कोटी, तूट २१.३ कोटी. तारांच्या कंपनीचा खर्च युनिट कमी गेले म्हणून फारसा घटत नाही, व्याज तर द्यावंच लागतं. म्हणून तूट भागधारकांच्या ४० कोटींतून जाते, उरतात १८.७ कोटी आणि १० टक्क्यांचा परतावा ४.७ टक्क्यांवर येतो.

होप निकालातच म्हटलं आहे, की नियमन कंपनीला निव्वळ उत्पन्नाची खात्री देत नाही. १९८९ च्या ड्यूकेन लाइट खटल्यात तर पेनसिल्व्हेनिया राज्याचा कायदा त्याच सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. वापरात न आलेल्या प्रकल्पाचा खर्च दरात धरायचा नाही, असं तो कायदा सांगत होता. त्यामुळे मध्येच सोडून दिलेल्या अणुवीज केंद्रांवरचा पैसा ग्राहकांकडून वसूल होऊ शकला नाही.

तरीही या मुद्द्यात बरंच तथ्य आहे. अनेक ठिकाणी विक्री घटली, इंधन महागलं, व्याज वाढलं, की फरक पुढच्या वर्षीच्या दरात समायोजित होतो. म्हणजे जोखीम कंपनीकडून उचलून ग्राहकाच्या खात्यात ठेवली. हे करणं चूक नाही, कारण विक्रीची चिंता नसलेली कंपनी वीजबचतीला विरोध करत नाही. पण मग परतावाही त्या कमी जोखमीचा हवा. जोखीम धरून ठरवलेला १० टक्के आणि वर फरकाची पूर्ण वसुली, हे दोन्ही एकाच आदेशात असतील तर तिथे हरकत घ्यावी.

"खर्च फुगवला की नफा फुगतो."

हा आरोप अर्थशास्त्राने स्वतःच, आणि फार नेमकेपणाने केलेला आहे. हार्वे ॲव्हर्च आणि लेलँड जॉन्सन या अर्थतज्ज्ञांनी १९६२ मध्ये दाखवलं, की मंजूर परतावा भांडवलाच्या खऱ्या खर्चापेक्षा जास्त असेल, तर कंपनी गरजेपेक्षा अधिक भांडवल ओतते. भागधारक ८ टक्क्यांवर समाधानी असतील आणि आयोग १० देत असेल, तर भागभांडवलातून बांधलेल्या प्रत्येक १०० कोटींमागे वर्षाला २ कोटी अधिक मिळतात, उपकेंद्र लागत असो वा नसो. मात्र अट विसरू नये. दोन्ही दर सारखे असतील तर हा मोह उरत नाही. मंजूर दर कमी असेल तर कंपनी उलट हात आखडते आणि जुने ट्रान्सफॉर्मर जळेपर्यंत चालवते. शिवाय चालू खर्चावर परतावा मिळत नाही. झाडांच्या फांद्या छाटून बिघाड टाळता येत असेल तरी नवी वाहिनी टाकण्याकडे कल जातो, तो त्यामुळे.

यावर उपाय शोधण्यातच या क्षेत्राची चाळीस वर्षं गेली आहेत. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ स्टीफन लिटलचाइल्ड यांनी १९८३ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमसाठी सूत्र सुचवलं: दर महागाईइतके वाढू द्या, त्यातून एक ठरावीक टक्का वजा करा आणि काही वर्षं हात लावू नका. खर्च वाचवला तर तो कंपनीचा. ब्रिटनमध्ये पुढे हेच सूत्र विजेलाही लागलं. मग त्यातल्या फटी दिसू लागल्या. पाच वर्षांच्या कालावधीत पहिल्या वर्षी केलेली बचत पाच वर्षं हातात राहते, शेवटच्या वर्षी केलेली एकच वर्ष. साहजिकच शेवटाकडे बचत थांबते, आणि पुढचा कालावधी ज्या वर्षाच्या खर्चावर बेतला जाणार त्या वर्षी खर्च हमखास वर जातो. उपाय म्हणून बचत कधीही केली तरी ती तितकीच वर्षं ठेवू देणारा नियम आला. दुसरी फट देखभालीची. फांद्या छाटणं लांबवलं की बचत आज दिसते, बिघाड मात्र काही काळाने. म्हणून खंडित पुरवठ्याच्या मिनिटांवर बक्षीस आणि दंड जोडावे लागले. तिसरी, मूळ अंदाजच फुगवायचा आणि मग 'बचत' दाखवायची. या फटीवर पक्का उपाय अजून नाही.

कंपन्यांचा कल भांडवली खर्चाकडे झुकतो, म्हणूनच भांडवली आणि चालू खर्च एकत्र मोजायची रीत ब्रिटनने घेतली. एकूण खर्चातला ठरावीक वाटा, तो तारेवर झाला की छाटणीवर हे न बघता, मालमत्तेत धरला जातो. मंजूर १०० कोटींऐवजी ९० लागले आणि वाटणी निम्मी असेल, तर ५ कोटी कंपनीला, ५ ग्राहकाला.

कंपन्यांची एकमेकींशी तुलना करणं हा दुसरा रस्ता, आंद्रेई श्लायफर यांनी १९८५ मध्ये सैद्धांतिक रूपात मांडलेला. कागदावर देखणा, प्रत्यक्षात निसरडा. ब्रिटनमध्ये वीज वितरणाची परवानाक्षेत्रं १४ आहेत आणि ती मोजक्याच समूहांच्या हातात. एवढ्या कमी नोंदींवर ग्राहकसंख्या, तारांची लांबी आणि कमाल मागणी असे तीन-चार घटक लावले, की एक घटक बदलताच क्रमवारी उलटीपालटी होते. त्यातच एक कंपनी खांब बदलणं भांडवली खर्चात टाकते, दुसरी देखभालीत. ही वर्गवारी सारखी केल्याशिवाय काढलेला 'कार्यक्षमता गुणांक' कचऱ्यात टाकावा.

"स्थिर आकार म्हणजे न वापरलेल्या विजेचे पैसे."

वाहिनी आणि ट्रान्सफॉर्मर कमाल मागणीसाठी बांधलेले असतात. महिनाभर दिवा लावला नाही तरी ती क्षमता राखून ठेवलेली असते. त्यामुळे आकार असण्याला आधार आहे. पण 'जाळ्याचा खर्च स्थिर, म्हणून तो सगळा स्थिर आकारातून घ्या', हे कंपन्यांचं आवडतं म्हणणं तितकंच चुकीचं. आपल्या ४२६ कोटींचे ५ लाख ग्राहकांत सारखे भाग केले तर महिन्याला ७१० येतात. युनिटमागे दर असताना ५० युनिट वापरणारा २१३ देत होता आणि ५०० युनिटवाला २१३०. आता दोघंही ७१०. छोट्या ग्राहकाचं बिल तिपटीहून अधिक झालं, आणि वीज वाचवण्याचं कारणही गेलं.

जाळ्यात नवा खर्च येतो तो कमाल मागणीच्या तासांमुळे. त्या तासांना जास्त दर लावा, हे फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीत मार्सेल ब्वातो यांनी १९५० च्या दशकातच उच्चदाब ग्राहकांसाठी अमलात आणलं. त्यातून वसूल न होणारी बाकीच फक्त स्थिर आकारात यावी, आणि तीही मंजूर भारानुसार. घरटी सारखी रक्कम हा सगळ्यात आळशी पर्याय आहे.

"महाग केंद्राचा दर सगळ्यांना ही लूट."

घाऊक वीजबाजारात पवन केंद्र युनिटमागे ० ला, कोळशाचं ३ ला, गॅसचं ७ ला वीज देतं आणि मागणी भागायला गॅस लागतो, तर सगळ्यांना ७. 'ज्याने जो भाव सांगितला तोच त्याला द्या' हे ऐकायला रास्त वाटतं. पण नियम बदलताच पवनवाला ० सांगायचं थांबवतो आणि ६.९ सांगतो. भावाचा अंदाज चुकला तर स्वस्त केंद्र बंद राहून महाग केंद्र चालतं. कॅलिफोर्नियाच्या २०००-०१ च्या वीजसंकटात हाच बदल सुचला होता. नियमनाचे अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड कान यांच्या समितीने जानेवारी २००१ मध्ये याच कारणासाठी त्याविरुद्ध सल्ला दिला.

लूट होते, पण वेगळ्या वाटेने. मागणी १०,००० मेगावॉट, एकूण क्षमता ११,५००, त्यातली २,००० एकाच कंपनीची. ती वगळली तर ९,५०० उरतात, मागणी भागत नाही. म्हणजे वाटा जेमतेम १७ टक्के असूनही ही कंपनी त्या तासाला हवा तो भाव लावू शकते. एखादं केंद्र 'दुरुस्तीसाठी' बंद ठेवलं तरी तिचं बाकीच्या केंद्रांवर भागतं. ही तपासणी तासागणिक करावी लागते, वार्षिक सरासरीत काहीच दिसत नाही.

"पैसे देईल त्याला हवा तो आकडा."

आकडा वाकवता येतो, हे खरं. कसा, ते बघा. भागभांडवलाचा परतावा काढताना बाजाराच्या तुलनेत जोखीम किती, याचा गुणांक म्हणजे बीटा घेतात. तुलनेच्या कंपनीवर ३० टक्के कर्ज, बीटा ०.५. कर्जाचा परिणाम काढला (०.५ × ०.७) की ०.३५ उरतो. आपल्या कंपनीच्या ६० टक्के कर्जाला तो लावला (०.३५ ÷ ०.४) की ०.८७५. जोखीमरहित दर ४ आणि बाजाराचा अधिकचा परतावा ६ धरला, तर उत्तर ९.२५ टक्के. मधली पायरी गाळून ०.५ तसाच ठेवला तर ७. सव्वादोन टक्क्यांचा, म्हणजे ९ कोटींचा फरक, एका ओळीत. ग्राहकांच्या बाजूचा तज्ज्ञ हे गाळू शकतो, आणि जास्त कर्जाच्या कंपनीचा बीटा कमी कर्जाच्या कंपनीला चिकटवून कंपनीचा तज्ज्ञ उलटी करामत करू शकतो.

पण हे सापडतं. त्यासाठी लेखी जबाबासोबत सूत्रांसकट मूळ तक्ते मागावे लागतात. नुसते आकडे चिकटवलेली फाइल आली तर ती परत करावी. तुलनेच्या कंपन्या कोणत्या, कोणत्या वगळल्या आणि का, किती वर्षांची माहिती घेतली, हे प्रश्न लेखी विचारावेत. त्याच तज्ज्ञाने दुसऱ्या प्रकरणात कोणती पद्धत वापरली होती, हेही काढून ठेवावं. उलटतपासणीत सगळ्यात जास्त घाम फोडणारा प्रश्न तोच असतो.

खरी विषमता आहे ती इथे. कंपनीचं सल्लागार शुल्क बहुधा चालू खर्चात धरलं जातं, म्हणजे ग्राहकच ते भरतो. ग्राहकाच्या बाजूचा तज्ज्ञ मात्र अनेकदा वर्गणीवर किंवा फुकट काम करतो. कॅलिफोर्निया आणि ऑन्टारिओमध्ये सुनावणीत उपयुक्त भर घालणाऱ्या ग्राहकसंघटनांचा खर्च भरून देण्याची तरतूद आहे, आणि तो भारही शेवटी दरातच येतो. ४२६ कोटींच्या प्रस्तावात एक कोटी त्यासाठी ठेवले, तर युनिटमागे एक शतांश पडतो.