फ्रँकफर्टहून ताईला: सीसीआयईची एवढी घाई काहून?

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चांगलीच जुंपली. भाचा बीई होऊन घरी बसलाय. नागपुरातल्या सीताबर्डीच्या एका क्लासवाल्यानं त्याच्या डोक्यात भरवलं, की सीसीएनए, सीसीएनपी आणि सीसीआयई (नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्को कंपनीची, सोप्याकडून अवघडाकडे जाणारी सर्टिफिकेटं) असं तिन्ही एकाच पॅकेजमध्ये आठ महिन्यांत उरकून देतो. फीचा आकडा ऐकून भाऊजी म्हणाले, "एवढ्यात तर एमपीएससीचा क्लास दोनदा होते." मोठे काका म्हणाले, मिहानमधल्या कंपन्या डिग्री पाहतात, असल्या कागदांना कोण विचारते. ताई गप्प. मग सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, कारण मी फ्रँकफर्टला हेच काम करतो. भाच्याचा मेसेज वेगळा आला: "मामा, डायरेक्ट सीसीआयईच करून टाकतो ना. काहून अडवून राहिले हे लोक?"

नियमानं त्याला कुणी अडवू शकत नाही. २०२० च्या फेब्रुवारीत सिस्कोनं परीक्षांची मांडणी बदलली, तेव्हापासून सीसीएनपीला बसायला आधी सीसीएनए लागत नाही. सीसीआयईला तर आधीही काही लागत नव्हतं. एक लेखी पेपर, मग आठ तासांची लॅब, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा. तीन तास डिझाइन आणि उरलेले पाच तास प्रत्यक्ष उभारणी, दुरुस्ती. भारतात ती बंगळुरूला होते. नुसत्या लॅबची फी दीड हजार डॉलरच्या वर, नापास झालात तर पुन्हा तेवढीच. शिवाय ही सगळी सर्टिफिकेटं तीन वर्षांनी शिळी होतात, नूतनीकरण करत राहावं लागतं.

आता माझंच सांगतो. सीसीएनए मी डम्प, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न-उत्तरं, पाठ करून पास झालो. अभिमानाची गोष्ट नाही, पण आमच्या बॅचमध्ये निम्म्यांनी तेच केलं, आणि क्लासच ते डम्प वाटायचा. 'स्पॅनिंग ट्रीची डीफॉल्ट प्रायॉरिटी किती?' ३२७६८. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. स्पॅनिंग ट्री म्हणजे जोडलेल्या स्विचांमधून एक म्होरक्या निवडायची पद्धत, आणि ज्याचा प्रायॉरिटीचा आकडा लहान तो म्होरक्या, एवढं मात्र डोक्यात शिरलं नव्हतं. पुढे एका छोट्या कंपनीत फील्ड इंजिनिअर लागलो. धरमपेठेतल्या एका ऑफिसात पोर्ट कमी पडत होते, म्हणून गोडाऊनमधला एक जुना स्विच मी नेऊन जोडला आणि तर्री पोहे खायला गेलो. परत येईतो सगळं ऑफिस रांगायला लागलेलं. सगळ्या स्विचांची प्रायॉरिटी सारखीच, ३२७६८. बरोबरी झाली की ज्याचा कारखान्यात मिळालेला क्रमांक म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस सगळ्यात लहान तो रूट, म्हणजे म्होरक्या होतो, आणि जुन्या स्विचचा मॅक बहुतेक वेळा लहानच असतो. म्हणजे ते म्हातारं खोकं गादीवर बसलं आणि साऱ्या ऑफिसची रहदारी त्याच्या शंभर एमबीपीएसच्या पोर्टांतून जायला लागली. हे कळायला मला चार तास आणि मालकाच्या शिव्या लागल्या. मधल्या मोठ्या स्विचला प्रायॉरिटी ४०९६ दिली आणि सुटलो. ३२७६८ या आकड्याचा अर्थ मला त्या संध्याकाळी कळला, पास झाल्यावर दीड वर्षानं.

त्या नोकरीत पगार नावालाच होता. पण गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंत बँकांच्या शाखांमध्ये राउटर पाठीवर घेऊन गेलो. सिमेंट रोडसाठी जेसीबी लागला की फायबर तुटणार, हे तर नागपूरकराला शिकवायलाच नको. मे महिन्यात कूलरवर चाललेल्या सर्व्हर रूममध्ये स्विच दर दुपारी रीस्टार्ट का होतो, हेही कुठल्या पेपरात नव्हतं. सीसीएनपी मी तीन वर्षांनी केलं, या वेळी डम्पाशिवाय. तेव्हा वाचलेल्या प्रत्येक पानाला मला एखादं गाव आठवत होतं.

इथल्या मुलाखतीत माझं सर्टिफिकेट कुणी पाहिलं नाही. फळ्यावर दोन राउटर काढले, म्हणाले, ओएसपीएफचं (राउटर एकमेकांना रस्ते सांगतात ती पद्धत) शेजारपण एक्सस्टार्टला, म्हणजे ओळख होताहोताच, अडकलंय, काय बघशील? मी म्हटलं, आधी दोन्ही टोकांचं एमटीयू, म्हणजे एका वेळी जाऊ शकणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार. चंद्रपूरच्या एका शाखेत हेच भोगलं होतं. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या फळ्यापर्यंत मी पोचलो तो बायोडेटातल्या सीसीएनपीच्या एका ओळीमुळे. नागपूरचं कॉलेज इथल्या एचआरला काय माहीत असणार? ती ओळ मात्र तिला वाचता आली. म्हणून 'सर्टिफिकेट म्हणजे निव्वळ धंदा' म्हणणाऱ्या काकांशी मी पूर्ण सहमत नाही. बाहेरच्याला दारात उभं राहायला काहीतरी हातात लागतंच.

सीसीआयईच्या किमतीत आणखी एक मेख आहे, ती क्लासवाले सांगत नाहीत. सिस्कोचं वरच्या दर्जाचं भागीदार व्हायचं तर कंपनीकडे ठराविक संख्येनं सीसीआयई असावे लागत, अशी अट वर्षानुवर्षे होती. म्हणजे सीसीआयईला मिळणाऱ्या त्या नंबरला भाव होता तो अर्धा माणसाच्या अकलेचा आणि अर्धा कंपनीच्या डोकेमोजणीचा. अनुभव नसलेला सीसीआयई मुलाखतीला बसला की समोरच्याला पहिली शंका येते ती डम्पांची, पोरगं खरंच हुशार असलं तरी. ते मला फार वाईट वाटतं.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक जर्मन सहकारी आहे. डिग्री नाही, सिस्कोचा एक कागद नाही. दहावीनंतर त्यानं तीन वर्षांचं आउसबिल्डुंग केलं: आठवड्याचे काही दिवस शाळा, बाकीचे कंपनीत. शेवटी उद्योग मंडळाची परीक्षा. बीजीपी, म्हणजे मोठमोठी नेटवर्कं एकमेकांना रस्ते सांगतात ती पद्धत, मला त्याच्याकडून नीट समजली, आणि ज्या शहरात डीई-सिक्ससारखं जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक इंटरनेट एक्स्चेंज (अशी नेटवर्कं एकमेकांना जोडली जातात ती जागा) आहे तिथे हे काही कमी कौतुक नाही. शिकायच्या त्या तीन वर्षांत कंपनी त्याला दरमहा पैसे देत होती. आपल्याकडे पोरगं क्लासला पैसे देतं. घरच्या भांडणात कुठलं सर्टिफिकेट यावर शंभर मेसेज झाले. पोराच्या शिकण्याचा खर्च कंपनीनं का उचलू नये, यावर एकही नाही. अ‍ॅप्रेंटिस कायदा तर आपल्याकडे १९६१ पासून आहे.

जर्मनीचं सगळं गोड आहे असं समजू नका. कागदाचं वेड इथेही आहे, आणि भाषा येत नसेल तर एमटीयू ओळखूनही भागत नाही.

ताईला मी फोनवर सांगितलं: सीसीएनए करू दे, क्लास न लावता, सरावाचं सॉफ्टवेअर पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं. परीक्षेचे ३०० डॉलर मी भरतो. मग मिळेल त्या ठिकाणी हात काळे करू दे, सीसीएनपीचा खर्च पुढची कंपनी करेल. सीसीआयईचं तिशीत बघू.

"तिकडे बोलावशील ना पण त्याला?"

मी तिला इथला नियम सांगितला. भाच्याकडे डिग्री आहेच, पण २०२३ च्या नोव्हेंबरपासून आयटीवाल्याला डिग्री नसली तरी ब्लू कार्ड (इथे राहून काम करायचा परवाना) मिळू शकतं, गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि ठरलेल्या पगाराची नोकरी. म्हणजे इथलं सरकारही शेवटी अनुभवच मोजतं.

ताई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि ते तीन वर्षं? पंधरा हजारात गाडीत पेट्रोल टाकून गडचिरोलीले जाईन तो? तुले जमलं रे. तवा बाबा होते घर चालवाले."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.