‘ऑपरेशन झालं की बोका ३ दिवसांत ठणठणीत’? नाही हो, असं नसतं

गेल्या दोन आठवड्यांत तीन वेगवेगळ्या ग्रुपवर मला तोच मेसेज आलाय. "बोक्याची लघवी अडकून ऑपरेशन झालं की विषय संपला, ३ दिवसांत बोका ठणठणीत, फक्त एवढं करा" आणि खाली सहा सूचना. पाठवणाऱ्यांना मांजराची काळजी आहे म्हणूनच ते पाठवतात हे मला माहितीये, पण त्यातल्या दोन सूचनांनी बोका जीवानिशी जाऊ शकतो आणि बाकीच्यांनी ऑपरेशनच्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडू शकतं. माझ्या बंड्याचं हेच ऑपरेशन दीड वर्षापूर्वी झालं, नंतरचे पंधरा दिवस मी हॉलमध्ये गादी टाकून त्याच्याशेजारी झोपलेय, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

पहिली सूचना, "आता परत कधीच ब्लॉक होणार नाही, निश्चिंत राहा". मुळात ऑपरेशनमध्ये होतं काय ते बघा. बोक्याची मूत्रनळी टोकाकडे, म्हणजे लिंगात, फार अरुंद असते, आतून जेमतेम ०.७ मिलिमीटर, आणि तिथेच चिकट स्राव आणि क्रिस्टल्स (लघवीतले खड्यासारखे बारीक कण) मिळून बूच बसतं. या ऑपरेशनमध्ये, म्हणजे पेरिनियल युरेथ्रोस्टॉमीत, डॉक्टर तो अरुंद भाग काढून टाकतात आणि वरची रुंद नळी उघडून कातडीला शिवतात, १९७१ मध्ये विल्सन आणि हॅरिसन यांनी मांडलेली ही पद्धत अजून वापरात आहे. म्हणजे मोरी मोठी केली, पण गाळ तयार होणं थांबलं का? नाही ना. मूत्राशयाची सूज, क्रिस्टल्स, घरातल्या बदलांचा स्ट्रेस हे सगळं जागेवरच असतं. उलट नवीन वाट आखूड आणि मोकळी असल्याने इन्फेक्शन आत जायला सोपं, म्हणून नंतरही अधूनमधून लघवी तपासावी लागते आणि डॉक्टर म्हणतील तेव्हा कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी) करावं लागतं.

दुसरी सूचना मला सगळ्यात जास्त ऐकू येते, अगदी शेजारच्या काकूंनी पण बंड्याला बघून हेच म्हटलं होतं, "कॉलर काढ गं त्याची, बिचारा कावलाय, चाटूनच जखम भरते मांजराची." कॉलर म्हणजे चाटता येऊ नये म्हणून गळ्याभोवती घालतात तो फनेलसारखा भोंगा. कावतो हे खरंय. बंड्या पहिले दोन दिवस उलटा उलटा चालायचा, दाराच्या चौकटीला कॉलर आपटून तिथेच बसून राहायचा, माझं काळीज तुटायचं. पण मांजराची जीभ म्हणजे किसणी असते, आणि इथे साधी कापलेली जखम नाहीये, आतली नाजूक नळी आणि बाहेरची कातडी यांचा सांधा जुळायचाय. चाटून टाके निघाले की तिथे जो व्रण धरतो तो आकसतो, वाट परत अरुंद होते, आणि मग दुसरं ऑपरेशन, जे पहिल्यापेक्षा जास्त अवघड. म्हणून १० ते १४ दिवस, डॉक्टर सांगेपर्यंत, कॉलर रात्री पण राहू द्यायची. खाण्यासाठी मी पसरट ताटली उलट्या डब्यावर ठेवायचे म्हणजे कॉलरची कड जमिनीला अडत नाही. नाहीच खाल्लं तर समोर बसून कॉलर काढायची, खाऊ घालायचं आणि लगेच परत घालायची, तेवढ्यात फोन आला तरी उठायचं नाही.

तिसरी, "डेटॉलच्या पाण्याने दोनदा पुसा". अजिबात नाही. डेटॉलमध्ये फिनॉलच्या जातीचं रसायन असतं आणि मांजराच्या लिव्हरला ते नीट निकामी करता येत नाही, वर ते चाटून पोटात जाणार. सॅव्हलॉन पण नको, त्याने जिभेवर फोड येऊ शकतात. त्या जागेवर धरलेली रक्ताची खपली सुद्धा ओढायची नाही, कापसाने घासायचं नाही, फक्त आजूबाजूला लघवी लागून कातडी लाल झाली तर डॉक्टरांना विचारून व्हॅसलीन. आणि नेहमीचं मातीचं लिटर (शी-शूच्या ट्रेमध्ये टाकतो ती माती) बंद करा, ते ओल्या टाक्यांना चिकटतं, ट्रेमध्ये रद्दीच्या पट्ट्या टाका. पावसाळ्यात तर बोका घराबाहेर नकोच, माशी बसली की जखमेत अळ्या पडतात.

"दुखत असेल तर क्रोसिनची पाव गोळी" ही चौथी, आणि हीच पहिली जीवघेणी. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, पाव काय नि अर्धी काय. माणसाचं शरीर ते ज्या पद्धतीने बाहेर टाकतं ती पद्धत मांजरात जवळजवळ नसतेच, त्यामुळे रक्ताला ऑक्सिजन वाहता येत नाही, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड सुजतं, श्वास लागतो. ब्रुफेन पण नको, त्याने आधीच ताण पडलेली किडनी जाते. दुखणं असतंच, ते सहन करायला लावू नका, पण औषध व्हेटने वजन आणि किडनीचे रिपोर्ट बघून दिलेलंच हवं. कुणी चुकून गोळी दिलीच असेल तर लक्षणांची वाट न बघता निघा, यावर उतारा असतो पण तो लवकर मिळावा लागतो.

पाचवी, नारळपाणी, जवाचं पाणी, लिंबू. लघवी अडकल्यावर रक्तात पोटॅशियम आधीच वाढलेलं असतं आणि नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर. लिंबाचं म्हणाल तर क्रिस्टल एकाच जातीचे नसतात, स्ट्रुव्हाइट आंबट लघवीत विरघळतात, ऑक्सलेट विरघळत नाहीत, मग तपासल्याशिवाय काय देणार? पाणी पोटात जायला हवं हे मात्र शंभर टक्के खरं. ड्राय फूडमध्ये पाणी साधारण १० टक्के, वेट फूडमध्ये ७५-८० टक्के, तेव्हा पाऊचमध्येच दोन चमचे कोमट पाणी कालवा.

आणि शेवटची, "दोन-तीन दिवस लघवी नाही झाली तरी घाबरू नका, सूज असते". हे ज्याने लिहिलं त्याने अडकलेला बोका बघितलेला नाही. पूर्ण ब्लॉक झाला तर एक-दोन दिवसांतच पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं, तीन दिवस म्हणजे खेळ खलास. सुरुवातीला लघवी गुलाबीसर असणं, थोडी थोडी होणं, झोपेत गळणं चालतं. चालत नाही ते हे: परत परत ट्रेमध्ये बसणं आणि काहीच न होणं, ओरडणं, उलट्या, पोट टणक लागणं (दाबून बघू नका!). असं दिसलं की फोनवर फोटो पाठवत बसू नका, त्याच मिनिटाला निघा. कण्हत कुंथत नसला तरी बारा तासांत ट्रे कोरडा असेल तर डॉक्टरांना फोन हवाच.

बंड्या पाचव्या रात्री साडेतीनला असाच चार वेळा बसला, रद्दीवर फक्त दोन थेंब. रिक्षा मिळेना, शेवटी मजल्यावरच्या दादांनी गाडी काढली. रक्ताची गुठळी अडकली होती, डॉक्टरांनी कॅथेटर घालून ती मोकळी केली आणि दोन दिवस ठेवून घेतलं. आता तो परत मातीच्या लिटरवर आहे, रोज सकाळी ट्रे साफ करताना मी ओले गोळे मोजते, आज तीन होते, चांगले मोठे.