‘मांजर कधी पाळलेलं दिसत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘क्लॉ’ (प्राण्याचं नख किंवा नांगी) या इंग्रजी शब्दावरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकाने लिहिलंय : ‘लेखक महाशयांनी मांजर कधी पाळलेलं दिसत नाही. मांजर नखं आत ओढून घेत नाही, ती मुळात आतच असतात. जोर लागतो तो बाहेर काढायला. चित्त्याला एका ओळीत उरकलंय. खेकड्याची नांगी आणि वाघाचं नख एकाच लेखात कोंबण्यामागचं लॉजिक काय? क्लॉबॅक तर निव्वळ भरती. अर्धवट माहितीवर लिहू नये.’

प्रतिक्रियेबद्दल आभार. आपण वेळ काढून लिहिलंत, याचं कौतुकच आहे. पण ‘महाशय’ हा शब्द आपण कोणत्या सुरात वापरलाय ते न कळण्याइतका मी भाबडा नाही. चूक दाखवायची तर ‘इथे असं हवं होतं’ एवढं पुरतं. त्यासाठी समोरच्याच्या घरात मांजर होतं की नव्हतं याचा पंचनामा करावा लागत नाही.

आणि केलाच आहे तर ऐका. माझं लहानपण मांजरांत गेलं. घरात एक मांजर नाही असा काळ मला आठवत नाही. त्यांची नखं कापायचं काम माझ्याकडे असायचं, कारण बाकी कुणी बोचकारून घ्यायला तयार नसे. मांजर मांडीवर घ्यायचं, पंजा हातात धरायचा, एकेक बोट वरून आणि खालच्या गादीवरून हलकेच दाबायचं, की नख सरकन पुढे येतं. उजेडात धरलं तर आत गुलाबी रेघ दिसते. तिथे रक्तवाहिन्या आणि नसा असतात, म्हणून त्या रेघेच्या अलीकडेच कापायचं. तिला धक्का लागला की पुढचे दोन आठवडे ते मांजर तुमच्याकडे फिरकत नाही. सोफ्याच्या फटीत सापडणारी नखाची पोकळ, अर्धपारदर्शक टरफलंही मी गोळा केलेली आहेत. मांजर ओरबाडतं ते बऱ्याचदा ही जुनी साल काढून टाकायला, हे मला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही.

तर बोट दाबल्यावर नख बाहेर येतं हे ज्याने स्वतःच्या हाताने पाहिलंय, त्याला तुम्ही नखांचा मुक्काम कुठे असतो ते सांगताय!

रचना मला ठाऊक आहे. मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या पेरावर, थेट हाडावर उगवतं. हे पेर मधल्या पेराच्या बाजूला मागे दुमडून बसलेलं असतं आणि लवचिक अस्थिबंध त्याला स्प्रिंगसारखे तसंच धरून ठेवतात. त्याला काही कष्ट पडत नाहीत, झोपेतही नखं आतच राहतात. स्नायू आकसले, त्यांनी तळव्याकडची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) खेचली, की पेर पुढे फिरतं आणि नख बाहेर. स्नायू सैल पडले की ते आपोआप मागे. म्हणजे जोर बाहेर काढायला लागतो, आत न्यायला नाही. याच्याशी माझा वाद कधी होता? मी ‘ओढून घेते’ लिहिलं कारण बघणाऱ्याला तसं दिसतं. सूर्य उगवतो असंच आपण म्हणतो, त्यावर खगोलशास्त्रज्ञ कुणाच्या घरचा पत्ता विचारत नाहीत. इंग्रजीतही अशा नखांना सर्रास ‘रिट्रॅक्टाइल’, म्हणजे आत ओढून घेता येणारी, म्हणतात. पत्र लिहायचंच तर त्यांना लिहा.

खरं सांगायचं तर मला लागलं ते वेगळंच. त्याच वाक्याच्या पुढच्या परिच्छेदात डीक्लॉइंगबद्दल लिहिलं होतं. सोफा वाचावा म्हणून मांजराची नखं काढतात तेव्हा नुसतं नख जात नाही, प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर छाटलं जातं. न्यूयॉर्क राज्याने 2019 साली यावर बंदी घातली, अमेरिकेत असं करणारं ते पहिलं राज्य. ज्यांना मांजरांचा एवढा कळवळा आहे त्यांना त्या परिच्छेदावर एक अक्षर सुचलं नाही. क्रियापद मात्र बरोबर सापडलं.

चित्त्याला एका ओळीत उरकायला नको होतं, एवढं मान्य. त्याच्या नखांवर बाकीच्या मांजरवर्गीयांसारखं कातडीचं आवरण नसतं, म्हणून ती उघडी दिसतात, जमिनीवर घासून बोथट होतात आणि धावताना पकड देतात. आतल्या बाजूचं, जमिनीला न टेकणारं नख तेवढं तीक्ष्ण राहतं. पळत्या सावजाला पाय मारून पाडायला ते कामी येतं. झालं समाधान?

नांगी आणि नख एकत्र का? कारण लेख इंग्रजी शब्दावर होता, प्राणिशास्त्रावर नव्हता. शीर्षक वाचलं असतं तरी भागलं असतं. एक केराटिनचं, दुसरी कायटिनच्या कवचाची, दोघांचा उत्क्रांतीत काही संबंध नाही, हे लेखातच आहे. इंग्रजी माणूस तरीही दोन्हींना क्लॉ म्हणतो आणि हातोडीच्या खिळे उपटणाऱ्या फाटलेल्या टोकालाही. गंमत तीच होती. पिस्तूल कोळंबी नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटतो तेव्हा आवाज होतो, हे लिहिताना मला मजा आली. तुम्हाला वाचताना आली नसेल तर इलाज नाही.

क्लॉबॅक म्हणजे दिलेला पैसा परत उकळणं. अमेरिकेच्या 2002 सालच्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्यात त्याची तरतूद आहे : गैरवर्तनामुळे कंपनीचे हिशेब नव्याने मांडावे लागले तर मुख्य अधिकाऱ्याने बोनस परत करायचा. शब्दावरच्या लेखात हे नको तर कुठे हवं? असो.

तुमची दुसरी प्रतिक्रिया मी प्रसिद्ध केलेली नाही. तीत नखांबद्दल काहीच नव्हतं, फक्त माझ्याबद्दल होतं.

आणि मूळ लेखात ‘आत ओढून घेते’च्या जागी आता ‘आत जाऊ देते’ असं केलंय. ते तुमच्या सांगण्यावरून नव्हे. ते वाक्य मला आधीपासूनच जरा खटकत होतं.