राखणदार

स्कीइंगच्या पहिल्याच तासात मी सहा वेळा पडलो. त्यातल्या पाच वेळा मी घसरत नव्हतो, नुसता उभा होतो. शिकवणारा पोरगा भला होता. त्याने मला हाताला धरून उठवलं, अंगावरचा बर्फ झटकला आणि उताराकडे पाठ करून मला थेट रेस्टॉरंटचं दार दाखवलं.

मेहुण्याने यातून सोयीचा अर्थ काढला. "भावोजी, बरंच झालं. तुम्ही रोज टेबल धरत जा."

आम्ही सातजण. मी, बायको, थोरला, धाकटी, सासूबाई, सासरे आणि हा मेहुणा. सासू-सासरे स्की करत नाहीत, पण दोघं बर्फातल्या पायवाटांवर हिंडतात, म्हणजे कामात असतात. बिनकामाचा मी एकटा. त्यामुळे पाच दिवस माझ्या सुट्टीचं स्वरूप ठरून गेलं: सकाळी सगळ्यांना हात करायचा, पावणेबाराला बुफेच्या हॉलमध्ये शिरायचं आणि सात खुर्च्यांचं टेबल बळकावून बसायचं.

टेबल धरणं हे काम वाटतं तितकं सोपं नाही. अख्ख्या डोंगराला भूक एकाच मिनिटाला लागते. बारा वाजेपर्यंत हॉल रिकामा असतो आणि बारा वाजून पाच मिनिटांनी लोक ट्रे हातात घेऊन डोळ्यांनी खुर्च्या चाटत फिरत असतात. सात खुर्च्या धरायच्या तर सात वस्तू लागतात. एकीवर मफलर, दुसरीवर टोपी, तिसरीवर डावा हातमोजा, चौथीवर उजवा, पाचवीवर जाकीट, सहावीवर स्वेटर आणि सातवीवर मी. बाहेर उणे आठ आणि आत मी अशा एका बनियनवजा थरावर, जो बाहेरच्या जगाने बघू नये अशी त्या कंपनीचीही इच्छा असावी.

मग लोक येतात. खुर्चीकडे बोट, भुवया वर, चेहऱ्यावर केविलवाणं हसू. हा प्रश्न कुठल्याही भाषेत सारखाच दिसतो आणि त्याचं उत्तरही मान हलवूनच द्यायचं असतं. तिसऱ्या दिवशी एक आजोबा सूपचा वाडगा घेऊन माझ्या डाव्या हातमोज्यापाशी येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत, नुसते हातमोज्याकडे बघत राहिले. मी खिडकीबाहेरच्या डोंगराचा इतका सखोल अभ्यास याआधी कधी केला नव्हता.

आमची मंडळी येतात ती आधी ऐकू येतात. स्की बूट हा प्रकार कडक प्लॅस्टिकचा, जोडीचं वजन साडेतीन-चार किलो. त्यात घोटा वळत नाही आणि नडगी कायम पुढे झुकलेली राहते. उतारावर गुडघे वाकवून घसरायला हे फार उत्तम म्हणतात. सपाट फरशीवर मात्र टाच, मग चवडा, टाच, मग चवडा, असं धाड-धप्प करत चालावं लागतं. असे दोनशे लोक एकदम आत आले की स्वतःच्या मनातलंही ऐकू येत नाही. त्यातून सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल. गारठलेली काच गरम दमट हवेत आली की धुरकटते, त्यामुळे त्यांना मी दिसत नाही आणि मला ते ओळखू येत नाहीत. पहिल्या दिवशी मी एका भलत्याच कुटुंबाला दोन्ही हात हलवून बोलावलं. ते आले. बसलेही. त्यांना उठवताना माझी जी काही तारांबळ उडाली ती सांगण्यात अर्थ नाही.

टेबल मिळालं की त्यावर पाच मिनिटांत हेल्मेटं, गॉगल आणि ओले हातमोजे यांचा ढीग होतो. प्लेट ठेवायला जागा उरत नाही. पण ती अडचण माझी नव्हे, कारण माझ्याकडे प्लेट नसते.

"तू बस, सामानाकडे बघ. तुला काय हवं ते आणते," बायको म्हणते. हे वाक्य मी पाच दिवस ऐकलं.

बुफे हा मूळचा फ्रेंच शब्द. भिंतीलगत ठेवायच्या, वर जेवण मांडायच्या कपाटाला बुफे म्हणत. म्हणजे मुळात ते एका फर्निचरचं नाव. जपानी लोकांनी या प्रकाराला जास्त खरं नाव दिलं आहे. १९५८ मध्ये टोकियोच्या इम्पिरियल हॉटेलने स्कँडिनेव्हियन धर्तीवर असं हवं तेवढं वाढून घ्यायचं रेस्टॉरंट सुरू केलं आणि त्याचं नाव ठेवलं 'इम्पिरियल व्हायकिंग'. तेव्हापासून तिकडे बुफेला सरळ 'व्हायकिंग' म्हणतात. व्हायकिंग म्हणजे स्कँडिनेव्हियातले जुने दर्यावर्दी लुटारू: समुद्रातून यायचं, किनारा लुटायचा आणि लूट घेऊन पळायचं. माझ्या खुर्चीवरून अगदी हेच दिसायचं.

आमच्यातला खरा व्हायकिंग म्हणजे मेहुणा. त्याच्याकडे सिद्धांत आहे. सूप आणि ब्रेड ही हॉटेलवाल्यांनी पेरलेली माणसं असतात, पोट भरून आपल्याला निकामी करायला. त्यांना ओलांडून थेट शेवटच्या काउंटरवर जायचं, जिथे महाग ते असतं, आणि तिथून उलटं परत यायचं. अर्थात सगळी रांग एका दिशेने चाललेली असताना हा चार किलोचे बूट घालून विरुद्ध दिशेने येतो, तेव्हा काय होतं ते मी दुरून पाहिलं आहे आणि हा माझा कोणी लागत नाही असा चेहराही केला आहे.

सासूबाई रिकामी प्लेट घेऊन आधी एक पूर्ण फेरी मारतात. प्रत्येक झाकण उघडून आत डोकावतात. त्या भांड्यांच्या खाली गरम पाणी असतं, त्यामुळे झाकण उघडलं की वाफेचा लोट येतो, चष्मा धुरकटतो आणि नेमकं काय आहे ते कळायच्या आत झाकण बंद करावं लागतं. फेरी संपवून त्या टेबलापाशी येतात आणि मला म्हणतात, "जावईबापू, फार काही नाहीये हो." मग जातात आणि चार प्लेटा घेऊन येतात.

सासऱ्यांचा मुक्काम चहाच्या मशीनपाशी. हे रेस्टॉरंट दोन हजार मीटर उंचीवर. दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो, म्हणजे इथे पाणी त्र्याण्णवलाच उकळतं, म्हणून चहा नीट उतरत नाही आणि बटाटा शिजायला वेळ लागतो. हे सगळं खरं आहे. पण ते मागे थांबलेल्या अकरा जणांना वळून वळून सांगण्याची गरज नसते, विशेषतः त्यांना आपली भाषा येत नसताना. परत येताना सासरे न चुकता प्लेटभर बीट आणतात. "रक्ताला चांगलं." एक फोड खातात आणि प्लेट हळूच माझ्याकडे सरकवतात.

धाकटी सात वर्षांची. बुफेच्या काउंटरवर जी तिरकी काच असते, लोकांच्या शिंका अन्नावर पडू नयेत म्हणून, तिच्या पेटंटसाठी १९५९ मध्ये जॉनी गार्नो नावाच्या एका अमेरिकन हॉटेलवाल्याने अर्ज केला. गार्नोने मोठ्यांच्या नाकाचा हिशोब चोख केला होता. सात वर्षांचं नाक बरोबर त्या काचेच्या खाली येतं. धाकटी काचेखालून डोकं घालून जेलीच्या वाट्या जवळून तपासते. एकदा तिने शिंक आलेली दाबली, हे मी टेबलावरून पाहिलं आणि त्या दिवशी मला कोणी जेली आणून दिली तेव्हा मी ती घेतली नाही.

आणि बायको. दोन वाडगे सूप, ओली फरशी, स्की बूट. मी अनेक कसरती पाहिल्या आहेत, पण ही वेगळी. टाच टेकली की सूप पुढच्या काठाला जातं, चवडा टेकला की मागे येतं. ती मध्येच थांबते, सूपही थांबेल या आशेने. सूप थांबत नाही. समोरून एक मूल पळत येतं, ती कमरेतून वळते, पाय मात्र बुटात जिथल्या तिथे. डाव्या वाडग्यातून एक लांबट थेंब तिच्या अंगठ्यावरून मनगटापर्यंत ओघळतो, ती डोळे मिटते, ओठ घट्ट दाबते आणि पुन्हा टाच टेकते. मी उठून मदतीला जाऊ शकलो असतो. पण मी उठलो असतो तर ते आजोबा बसले असते.

सगळे बसले की माझी दुसरी पाळी सुरू होते, कारण सासू-सासरे सोडले तर साध्या बुटात मी एकटाच. "अरे, तू पटकन जाऊ शकतोस ना, चमचे आण." मग कागदी रुमाल. मग पाणी. मग मीठ. मग धाकटीला बाथरूमला लागते. डोंगरावरच्या हॉटेलांत बाथरूम तळघरात का असतं हे मला कधी उमगलं नाही. ती हेल्मेट, जाकीट, वरची पँट, आतली पँट आणि त्याच्या आतली लोकरीची पँट असे थर उतरवते आणि मग म्हणते, "बाबा, आता नाही लागलीये."

या फेऱ्यांत मी बुफेच्या समोरून दिवसाला दहा वेळा जायचो. शेवटच्या काउंटरला एक मोठा ट्रे असायचा, बटाट्याच्या पातळ चकत्या, मलई, वरून चीज, आणि ते चीज कडेला तपकिरी होऊन चुरचुरत असायचं. मला तेवढंच हवं होतं. "त्या तपकिरी कोपऱ्यातलं आण," असं मी रोज सांगायचो. यायचं ते निराळंच. थोरल्याने अर्धवट सोडलेला पास्ता. मेहुण्याने हिरिरीने उचललेलं आणि वास घेताच खाली ठेवलेलं चीज, ज्याचा वास हुबेहूब त्याच्या बुटांसारखा होता. धाकटीने टोकं खाल्लेले फ्राइज. "हे घ्या हो, उष्टं नाहीये, मी नुसतं चमच्याने चाखलं," असं म्हणून सासूबाईंनी दिलेलं काहीतरी पांढरं. आणि बीट. बटाटा कोणी आणायचं नाही, कारण रांग मोठी असायची.

शेवटच्या दिवशी मेहुण्याचा गुडघा किंचित लचकला. मला वाईट वाटलं, पण फार नाही. "तू बस," मी म्हणालो. "सामानाकडे बघ."

मी ट्रे उचलला. कोरा, कोरडा, माझा ट्रे. सगळी रांग उभा राहिलो, सरळ दिशेने, कोणालाही न ओलांडता. बारा मिनिटं. माझी पाळी आली तेव्हा ट्रे नुकताच भट्टीतून निघाला होता आणि वाढणाऱ्या बाईंनी, मी न सांगता, कोपऱ्यात उलथनं घातलं.

परत आलो तर टेबलावर ते आजोबा, त्यांची बायको आणि आणखी चार माणसं. मेहुणा टोकाच्या खुर्चीवर पाय पसरून त्यांच्याशी हसत बोलत होता. "भावोजी, फार गोड माणसं आहेत. पाचच मिनिटं बसतो म्हणाले."

मी खांबाला टेकून उभा राहिलो. पहिला घास घ्यायच्या आत धाकटी आली. "बाबा, हे कुठे होतं?" तिने कोपरा उचलला. थोरल्याने दुसरी कड घेतली. सासूबाई म्हणाल्या, नुसतं चाखते. सासऱ्यांनी बटाटा नीट शिजला आहे का ते दोनदा तपासून पाहिलं. बायकोने माझ्याकडे बघत शेवटचा घास अर्धा केला, खरंच अर्धा केला, आणि तो अर्धा मेहुण्याने बसल्या जागेवरून हात लांबवून नेला.

प्लेटमध्ये बीट तेवढं उरलं. ते मात्र मी स्वतःच घेतलं होतं.