पक्षी उडाला, ॲडमिन अडकला

पक्षीनिरीक्षणाच्या ग्रुपवर पहाटे पाचला एक धूसर फोटो येतो आणि खाली दोनच शब्द: "हा कोण?" तो कधी भोवत्या हा शिकारी पक्षी असतो, कधी विजेच्या तारेला लटकलेली पिशवी. पिशवीला हळदी-कुंकू बदक म्हणून मोकळं व्हावंसं वाटलं, की माझ्या मते ग्रुपला रामराम ठोकायची वेळ झाली.

मात्र हिवाळ्यात नको. नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यात पाहुणे पक्षी असताना निघालात तर "भांडण झालं का?" हीच चर्चा. एप्रिलपर्यंत पाहुणे परततात, मे महिन्यात ग्रुपवर उरतात गुड मॉर्निंगची फुलं. तेव्हा निघा.

२०२२ पासून व्हॉट्सॲप ग्रुप सोडला की फक्त ॲडमिनला कळतं म्हणे. पण माजी सदस्यांच्या यादीत ६० दिवस तुमचं नाव झळकतं आणि ती ग्रुपमधला कुणीही उघडू शकतो. तुम्हीच एकटे ॲडमिन असाल, तर जाण्याआधी दोघांना ॲडमिन करा. नाहीतर व्हॉट्सॲप आपल्या मर्जीनं कुणालातरी बसवतं, आणि तो फुलंवालाही असू शकतो! पक्षीगणनेच्या गूगल शीटची मालकी दुसऱ्याला द्या. समोरच्यानं ती स्वीकारेपर्यंत मालक तुम्हीच, म्हणून फोन करून बटण दाबून घ्या. सहलीची शिल्लक चुकती करा.

ट्रायपॉड परत करताना हमखास घोटाळा होतो. त्याची कॅमेरा बसवायची प्लेट आपल्याच कॅमेऱ्याच्या बुडाला चिकटून घरी राहते, आणि नवा माणूस नांदूरच्या संगमावर तीन पाय पसरून नुसता उभा. प्लेटच्या स्क्रूला खाच असते, तिच्यात नाणं घालून फिरवलं की सुटते.

निरोप तीन ओळींचा: ग्रुप सोडतोय, कामं अमक्याकडे, हिशेब पूर्ण. कारण लिहूच नका. "तब्येत" लिहिलंत तर दुपारपर्यंत गुळवेलीचा काढा आणि दोन वैद्यांचे नंबर येतात. "कामाचा ताण" लिहिलंत तर "मग रविवारी याच!" "थोडे दिवस" हा सर्वांत घातक शब्द, जीपमधली जागा आणि मिसळीची प्लेट तुमच्या नावानं चालूच राहते.

फोनवरून सुटाल, नाशिकच्या कॉलेज रोडवरून कसे सुटाल? तिथं कुणीतरी गाठतंच. "येतो कधीतरी" म्हणालात तर शनिवारी रात्री फोन: "पहाटे साडेचारला द्वारका चौकात उभे राहा." त्यापेक्षा "यंदा नाही" म्हणा आणि लगेच विचारा, "फ्लेमिंगो आले का हो?" पुढची पंधरा मिनिटं तुम्हाला तोंड उघडावं लागत नाही.